मामाच्या जुन्या गोल्फ बॅगेतलं काय चालेल, काय नाही

चोपड्याजवळच्या एका गावातून एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी 14 वर्षांची. दोन उन्हाळे पुण्यात मामाकडे राहून गोल्फ शिकली, हात चांगला बसलाय, आणि येत्या सुट्टीत पुण्यातच मुलांच्या स्पर्धेत तिचं नाव द्यायचं आहे. मामाने स्वतःची जुनी बॅग तिला दिली. बॅगेत 16 काठ्या, म्हणजे क्लब, आहेत. एक दोन्ही बाजूंनी मारता येते, एकीच्या मुठीला बोटांच्या खाचा आहेत, आणि ड्रायव्हर (सगळ्यांत लांब फटक्याचा क्लब) तिच्या उंचीला फार लांब पडतो. शिवाय ऑनलाइन मागवलेले ‘रिफर्बिश्ड’ बॉल, अंतर मोजायचं लेझर आणि दोन पिवळ्या लांब कांड्या. यातलं काय चालेल, कशावरून पोरीला बाद करतील, आणि नवा सेट घ्यावाच लागेल का, असं त्यांनी विचारलंय. ओळखीच्या कुणीतरी त्यांना लाखाच्या पुढचा आकडा सांगितलाय.

भाऊ, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण झोप त्यानेच उडाली असणार. नवा सेट घेऊ नका. मी मूळ अमळनेरचा. पुण्यात 22 वर्षं क्लब दुरुस्तीचं काम केलं, म्हणजे ग्रिप (मूठ) बदलणं, शाफ्ट (दांडा) बसवणं, लॉफ्ट (तोंडाचा कोन) तपासणं. आता जळगावात मुलांना शिकवतो. इतक्या वर्षांत साहित्याच्या नियमामुळे नवा सेट घ्यावाच लागला असं एकही पोर मी पाहिलेलं नाही. नियमांत बहुतेक ठिकाणी ‘याहून जास्त नको’ अशी भाषा आहे. जास्तीत जास्त किती क्लब, जास्तीत जास्त किती लांब, बॉल जास्तीत जास्त किती जड. कमीत कमी किती क्लब हवेत हे कुठेच लिहिलेलं नाही. सेट किती सालचा असावा, कोणत्या कंपनीचा असावा, हेही नाही. हे नियम स्कॉटलंडची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या दोन संस्था मिळून करतात आणि आपल्याकडेही तेच चालतात. दुकानदार, क्लबातले जाणकार, नातेवाईक कुणी काही सांगो, तुमच्या पोरीला लागू होणारा कागद तोच.

आता 16 चा आकडा. एका फेरीत जास्तीत जास्त 14 क्लब नेता येतात. ही मर्यादा यूएसजीएने 1938 मध्ये आणि आर अँड ए ने 1939 मध्ये घातली. त्याआधी मोठे खेळाडू वीस-पंचवीस क्लब घेऊन फिरायचे आणि ते ओझं कॅडीच्या खांद्यावर असायचं. मर्यादा मोडली तर ज्या होलवर (सुरुवातीपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा) मोडली त्या प्रत्येक होलला दोन फटके दंड, पण एका फेरीत एकूण चारपेक्षा जास्त नाहीत. जादा क्लब सापडला की पुढचा फटका मारायच्या आधी ‘हा क्लब मी बाजूला काढला’ असं सोबतच्या खेळाडूला सांगायचं किंवा तो बॅगेत उलटा ठेवायचा. त्यानंतर त्या क्लबने मारलं तर थेट बाद.

मोठ्यांचंही चुकतं. 2001 च्या ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या दिवशी रॉयल लिदमवर इयन वूस्नम यांनी पहिल्याच होलवर बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) घेतली, ते आघाडीच्या बरोबरीला आले, आणि दुसऱ्या टीवर (होल सुरू होतो ती जागा) कॅडीने सांगितलं की बॅगेत दोन ड्रायव्हर आहेत, एकूण 15 क्लब. सरावात दोन्ही वापरून पाहिले होते, एक काढायचा राहून गेला. दोन फटके दंड बसला. जो खेळाडू तेव्हा जगात मानाने ओळखला जायचा, त्याचा हा प्रसंग आहे. म्हणून पोरीला सवय लावा, पहिल्या टीवर जायच्या आधी क्लब मोठ्याने मोजायचे. शेतातून निघताना घमेली-टोपल्या मोजतो तसे. माझी मुलं अहिराणीतच मोजतात आणि आवाज फेअरवेपर्यंत जातो.

पण तुमच्या पोरीला 14 ही लागत नाहीत. माझ्या हिशेबाने आठ पुरतात. ड्रायव्हर, एक पाच नंबरचा वूड किंवा हायब्रिड, मग सहा, सात आणि नऊ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर (बॉल खड्ड्याकडे ढकलायचा क्लब). मामाच्या बॅगेतले तीन-चार नंबरचे लांब आयर्न घरी ठेवा. ते आमच्याकडच्या तयार पोरांच्या हातालाही नीट बसत नाहीत. कमी क्लब घेऊन निघालात तर फेरीच्या मध्येही 14 पर्यंत भर घालता येते, फक्त खेळ रेंगाळता कामा नये. आणि एक अट मात्र जिवापाड जपायची. मैदानावर त्या वेळी खेळत असलेल्या दुसऱ्या कुणाचाही क्लब उसना घ्यायचा नाही.

हे मी इतकं जोर देऊन का सांगतोय, ते ऐका. भुसावळच्या एका रेल्वे कामगाराचा मुलगा माझ्याकडे शिकायचा. नऊ क्लब होते त्याच्याकडे, सगळे मी गोळा करून जमवलेले. पुण्यातल्या एका स्पर्धेत सहाव्या ग्रीनवर (खड्ड्याभोवतीची बारीक गवताची जागा) पटर विसरला आणि सातव्यावर गेल्यावर लक्षात आलं. सोबतच्या पोराने चांगल्या मनाने आपला पटर पुढे केला. सातव्या आणि आठव्या ग्रीनवर त्याने तोच वापरला. मग मागच्या गटातल्या मुलांनी त्याचा पटर आणून दिला. दोन होल, प्रत्येकी दोन फटके, एकूण चार. संध्याकाळी निकाल लागला तेव्हा तिसऱ्या क्रमांकापासून तो तीन फटके मागे होता. त्याला कुणीच हे सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं. मी त्याला ‘चौदाच्या आत राहा’ एवढंच शिकवलं होतं. त्या दिवशी बसमध्ये तो जळगाव येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. पटर हरवला असता तर सँड वेजच्या कडेने किंवा हायब्रिडने बॉल ढकलता आला असता, त्याला नियमाची काही आडकाठी नाही. आता मी प्रत्येक मुलाकडून आधीच पटरशिवाय दहा-दहा फटके ग्रीनवर मारून घेतो.

दोन्ही बाजूंनी मारता येणारा तुमचा क्लब म्हणजे दुतोंडी चिपर (ग्रीनजवळून छोटे फटके मारायचा क्लब). ऑनलाइन हे फार विकलं जातं, आणि डावखुऱ्याला-उजव्याला दोघांना चालेल म्हणून घरातल्या सगळ्यांसाठी घेतलं जातं. खेळायला सोपं असतं हेही खरं. पण नियमात बसत नाही. फक्त पटरला दोन तोंडं असू शकतात, तीही दोन्ही एकसारखी, आणि पटर म्हणजे ज्याचा लॉफ्ट 10 अंशांपेक्षा जास्त नाही असा क्लब. चिपरचा लॉफ्ट त्याहून बराच जास्त असतो. म्हणून त्याला एकच तोंड चालतं. या क्लबने एक जरी फटका मारला तर स्पर्धेतून बाद. दोन-चार फटक्यांचा दंड नाही, सरळ बाद. 2019 च्या नियमांपासून असा क्लब नुसता बॅगेत असण्याला दंड नाही, पण तो चौदांत मोजला जातो, आणि घाईत हाताला तोच लागण्याची भीती राहते. तो घरी अंगणात ठेवा. धाकट्याला खेळू द्या.

बोटांच्या खाचांचा ग्रिप ही दुसरी जागा जिथे नवीन पोरं अडकतात. त्याला शिकाऊ ग्रिप म्हणतात. हात कुठे ठेवायचा ते शिकवायला उत्तम, मी स्वतः वापरतो. पण कोणत्याही क्लबचा, अगदी पटरचाही, ग्रिप बोटांच्या आकारात घडवलेला चालत नाही. पटर सोडून बाकी क्लबांच्या ग्रिपचा आडवा छेद गोल हवा. एकाच सरळ रेषेत, ग्रिपच्या पूर्ण लांबीभर, जरा उचललेली बारीक धार मात्र चालते. ओळखायचं असेल तर डोळे मिटून अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये ग्रिप धरा आणि वरून खाली सरकवा. एखादा खड्डा किंवा उंचवटा बोटाला अडला आणि मग पुन्हा सपाट झालं, तर तो ग्रिप बदलायचा. पटरच्या ग्रिपला गोल असण्याची अट लागत नाही, तो एका बाजूने सपाट असला तरी हरकत नाही.

ग्रिप बदलायला शोरूम लागत नाही. आकडीच्या पात्याने जुना ग्रिप उभा चिरून काढायचा, पातं कायम स्वतःपासून लांबच्या दिशेने. आत चिकटलेली जुनी टेप खरवडून काढायची, राहिलेला चिकटपणा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायचा. मग शाफ्टवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची, वरच्या टोकाला थोडी जास्त ठेवून ती आत दुमडायची. नव्या ग्रिपच्या खालच्या भोकावर अंगठा दाबून आत टर्पेंटाइन ओतायचं, हलवायचं, तेच टेपवर ओतायचं आणि एका दमात ग्रिप शेवटपर्यंत सरकवायचा. अर्ध्यावर थांबलात तर तिथेच रुतून बसतो. चुलीजवळ, देवाऱ्याजवळ हे काम करू नका. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत उरका, कारण दुपारी टर्पेंटाइन ग्रिप सरकवायच्या आधीच उडून जातं. पुण्यात मला कधी हा त्रास झाला नाही; जळगावात पहिल्या मे महिन्यात चार ग्रिप वाया गेले तेव्हा लक्षात आलं. लावल्यावर रात्रभर तसंच राहू द्या. आणि क्लब गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, ग्रिपखालचा गोंद मऊ होऊन ग्रिप फिरायला लागतो.

ड्रायव्हरकडे वळूया. तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक लांबीची. पटर सोडून कोणताही क्लब 48 इंचांपेक्षा लांब चालत नाही, आणि वरच्या दर्जाच्या स्पर्धांना 46 इंचांची मर्यादा लावण्याची मुभा 2022 पासून आयोजकांना आहे. मामाचा ड्रायव्हर साडेपंचेचाळीसच्या आसपास असेल, म्हणजे नियमात बसतो. पण पोरीला तो बसत नाही, आणि हे मला नियमापेक्षा महत्त्वाचं वाटतं. लांब क्लबमुळे मुलं पाठ वाकवायचं सोडून ताठ उभी राहतात आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही. शाफ्ट ग्रिपच्या बाजूने कापून घ्या. कापलेला क्लब पूर्ण कायदेशीर असतो. कापल्यावर शाफ्ट थोडा कडक लागतो आणि डोकं हलकं वाटतं. मग डोक्याला मागून शिशाची पट्टी चिकटवतात, तीही चालते. फक्त फेरी सुरू झाल्यावर ती काढायची किंवा सरकवायची नाही. ज्या ड्रायव्हरला पान्याने कोन बदलायची सोय असते त्यालाही हेच लागू. घरी हवं तेवढं फिरवा, मैदानात हात लावू नका.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरच्या वयाची. डोकं 460 घनसेंटीमीटरपेक्षा मोठं चालत नाही, पण जुन्या डोक्यांत हा प्रश्न सहसा येत नाही. प्रश्न असतो तोंडाच्या पातळ पत्र्याचा. 2000 नंतरच्या काही वर्षांत कंपन्यांनी तोंड इतकं पातळ केलं की बॉल लागल्यावर ते आत दबून स्प्रिंगसारखं बाहेर फेकायचं. त्यावर मर्यादा आली, आणि 1 जानेवारी 2008 पासून ती हौशी खेळाडूंसकट सगळ्यांना लागू झाली. म्हणजे त्या काळातला एखादा ड्रायव्हर विकत घेतला तेव्हा चालत होता आणि आज चालत नाही, असं होऊ शकतं. ड्रायव्हरच्या तळाशी कोरलेलं नाव आणि लॉफ्टचा आकडा एका कागदावर जसाच्या तसा उतरवा, शेजारी एखादी खूण किंवा अक्षर असेल तर तेही, आणि आर अँड ए च्या संकेतस्थळावरच्या ड्रायव्हरच्या यादीत शोधा. पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या अनुभवात सापडतोच, पण शोधल्याशिवाय टीवर जाऊ नका.

वेजच्या तोंडावरच्या खाचांबद्दलही 2010 मध्ये नियम कडक झाला, खाचांची धार आणि आकारमान कमी केलं. जुन्या क्लबांना सर्वसाधारण खेळाडूंसाठी सवलत दिली गेली. मोठ्या स्पर्धांत मात्र नवा नियम लावतात. स्पर्धेच्या पत्रकात खाचांचा उल्लेख नसेल तर मामाचा वेज घेऊन खुशाल जा.

आता बॉल. हा माझा आवडीचा विषय. बॉल 45.93 ग्रॅमपेक्षा जड नको आणि त्याचा व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी नको. हलका आणि मोठा चालतो, जड आणि लहान चालत नाही. रिफर्बिश्ड म्हणजे तळ्यातून काढलेले, धुतलेले, आणि बरेचदा वरून रंग व लॅकर मारलेले बॉल. जळगावच्या सराफ बाजारात माझा एक मित्र आहे. गेल्या वर्षी मी असे सहा बॉल त्याच्या काट्यावर ठेवले. सोन्याच्या अंगठीसाठीचा काटा, काचेच्या पेटीतला, पंखा बंद करून. पाच बॉल 45.2 ते 45.8 च्या मध्ये आले. सहावा दिसायला सगळ्यांत चकचकीत होता, पांढरा शुभ्र, त्यावर रंगाचा जाड थर आणि कंपनीच्या नावाखाली जुनं नाव पुसट दिसत होतं. तो 46.1 भरला. मित्राने दोनदा पुसून ठेवला, आकडा तोच. रंगाच्या वजनाने बॉल नियमाबाहेर गेला होता.

म्हणून तुमचे बॉल असेच तपासा. चोपड्यातही सराफ आहेत, कुणी नाही म्हणणार नाही. नियम असा आहे की रिफर्बिश्ड बॉल नियमाबाहेर असल्याचा ठोस पुरावा नसेल तर तो चालतो. पण ‘मान्य बॉलच्या यादीतलाच बॉल वापरावा’ असं स्पर्धेच्या स्थानिक नियमांत लिहिलेलं असेल तर रिफर्बिश्ड बॉल नकोच, तिथे थेट बाद करतात. त्या दिवसापुरते साधे, स्वस्तातले नवे सहा बॉल घ्या. महागडे घेऊ नका, तिच्या फटक्याच्या वेगाला त्यांचा फरक पडत नाही. बॉल आता कमी लांब जाणारे करणार अशी बातमी तुम्ही वाचली असेल. चाचणी बदलण्याची घोषणा डिसेंबर 2023 मध्ये झाली, पण हौशींसाठी 2030 च्या आधी काही बदलणार नाही, तेव्हा ती काळजी सोडा.

बॉल मुद्दाम तापवणं किंवा घासणं हाही गुन्हा आहे, शिक्षा बाद होण्याची. तापलेला बॉल जास्त उडतो म्हणून कुणी तरी हे करतं. आपल्याकडे मे महिन्यात बॅगेतला बॉल आपोआपच भाकरीसारखा गरम होतो; त्यात मुद्दाम काही नाही, त्याला दोष लागत नाही. तसंच क्लबच्या तोंडाला क्रीम, व्हॅसलीन, तेल लावून मारणं निषिद्ध आहे. पोरीच्या केसांना तेल असेल तर हात पुसायला आणि क्लबचं तोंड पुसायला एक जाड सुती फडकं बॅगेला बांधा. ते फडकं ही बॅगेतली सगळ्यांत उपयोगी वस्तू.

लेझरबद्दल मनात शंका ठेवू नका. अंतर मोजायला 2019 पासून परवानगी आहे, आयोजकांनी स्थानिक नियमाने बंदी घातली नसेल तर. पण बऱ्याच लेझरमध्ये चढ-उतार धरून अंतर सांगायची सोय असते, तिला स्लोप म्हणतात. ती स्पर्धेत वापरता येत नाही. पहिल्यांदा वापरली तर दोन फटके, दुसऱ्यांदा बाद. बटण बंद करा आणि त्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे चुकूनही चालू होणार नाही. मोबाइलवर अंतर पाहायलाही हेच लागू. खरं सांगायचं तर मी शिकाऊ पोरांना पहिली दोन वर्षं लेझर देत नाही. 150 यार्डांच्या खुणेपासून पावलं मोजू देतो. केळीच्या दोन ओळींमधलं अंतर डोळ्यांनी ओळखणारी पोरं आहेत आपली, त्यांना ते पटकन जमतं.

त्या पिवळ्या कांड्या दिशा शिकायच्या आहेत. बॅगेत राहू द्या, त्याला दंड नाही. फेरी सुरू असताना त्या जमिनीवर ठेवून दिशा घेतली किंवा त्या हातात धरून सरावाचा झोका मारला तर दंड आहे. क्लबला घालायच्या वजनाच्या कड्याचंही तसंच. बॉल टेकवायची काडी, तिलाही टीच म्हणतात, चार इंचांहून लांब नको. बाकी हातमोजा, छत्री, टोपी, पाण्याची बाटली, यांचं कुणी काही विचारत नाही.

पटरबद्दल शेवटचं. मामाचा पटर कोणताही असो, तोच ठेवा. आदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, चौथी आली तेव्हा ती मैदानात सगळ्यांत लांब मारणाऱ्यांपैकी नव्हती. तिला वर ठेवलं ते तिच्या पटिंगने. लांब पटरही चालतो, फक्त त्याचं टोक छातीला किंवा पोटाला टेकवून मारायला 2016 पासून बंदी आहे. पोरीला सांगा, पटर हातातच राहिला पाहिजे.

रविवारी सकाळी मी जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला मुलांना घेऊन असतो, साडेसहा ते नऊ. उन्हं चढायच्या आत या. बॅग पूर्ण आणा, सोळाच्या सोळा, मी एकेक बघतो. येण्याआधी एक माप घ्या: पोरीला खेळायचे बूट घालून सरळ उभी करा, हात सैल सोडायला लावा, आणि मनगटाच्या सुरकुतीपासून जमिनीपर्यंतचं अंतर इंचांत लिहून आणा. ड्रायव्हर किती कापायचा ते त्यावरून ठरेल. नवा ग्रिप आणि टेप माझ्याकडे आहे. टर्पेंटाइनची छोटी बाटली मात्र येताना घेऊन या, इथली दुकानं रविवारी बंद असतात.